ब्रेकचे पॅड बदलताना डिस्कही बदलावी काय?

अमरावती-अकोला हा आम्हा कापडवाल्यांच्या पायाखालचा रस्ता आहे. अमरावतीच्या घाऊक बाजारातून माल उचलायचा आणि मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, अकोटच्या दुकानांत पोचवायचा, हा आमचा नेहमीचा क्रम. थोडा माल असला तर ट्रान्सपोर्टची वाट न पाहता स्वतःच्या गाडीतच गठ्ठे टाकून निघणारे व्यापारी पुष्कळ आहेत. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली आणि ब्रेकचे पॅड संपलेले निघाले की हमखास एक प्रश्न उभा राहतो. एक मिस्त्री म्हणतो, "पॅडसोबत डिस्कही बदलून टाका." दुसरा म्हणतो, "डिस्क को कुछ नहीं होता, सिर्फ पॅड डालो." पहिल्याचे ऐकले तर खिशाला चाट बसते, दुसऱ्याचे ऐकले तर जिवाची धास्ती राहते. आमचे म्हणणे असे की, माप न घेता दिलेली ही दोन्ही उत्तरे सारखीच कच्ची आहेत. तागा मीटरपट्टीवर मोजल्याशिवाय आपण भाव ठरवीत नाही, मग डिस्कचा निकाल नजरेच्या अंदाजाने का लावायचा?

ब्रेकचे काम काय?

जुन्या ॲम्बॅसेडर व पद्मिनी गाड्यांच्या चाकांत ड्रम असत. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या दोन चाकांना बिडाची गोल तबकडी असते, तीच डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. पायाने ब्रेक दाबला की कॅलिपर तिला दोन बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरतो. या घर्षणाने गाडीच्या वेगाचे रूपांतर उष्णतेत होते, आणि ही उष्णता प्रथम पोटात घेऊन नंतर हवेत सोडण्याचे काम मुख्यतः डिस्क करते. पॅड स्वस्त आणि झिजण्यासाठीच बनवलेला. डिस्कही झिजते, पण सावकाश.

उष्णता किती, ते पाहा. मालासकट १,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून एकदम थांबवली, तर त्या एका थांबण्यात जी उष्णता निघते ती एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. वेग वाढला की हा हिशेब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या जागी १०० चा वेग असेल तर उष्णता पावणेतीन पटींहून थोडी अधिक होते. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण चांगल्या रस्त्यावर पाय ॲक्सिलरेटरवर जास्त राहतो, आणि त्याचा हिशेब ब्रेकला चुकता करावा लागतो.

मेळघाटच्या बाजारांना जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिखलदरा परतवाड्याहून सुमारे ७०० मीटर उंच आहे. तेथून केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरणे म्हणजे ८० च्या वेगावरून पंचवीसहून अधिक वेळा लागोपाठ थांबण्याइतके काम ब्रेकला देणे होय. म्हणूनच घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायची असते.

डिस्कवर कोरलेला आकडा

प्रत्येक डिस्कची एक किमान जाडी कारखान्याने ठरवून दिलेली असते. बहुधा ती डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर कोरलेली असते, गंज पुसला म्हणजे वाचता येते. नसेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. लहान मोटारींत नवी जाडी आणि किमान जाडी यांत साधारण दोनच मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे एक सूतसुद्धा नाही. इतका सूक्ष्म फरक कसलेल्या उस्तादालाही नुसत्या डोळ्याने कळणे कठीण आहे.

किमान जाडीखाली गेलेली डिस्क का चालत नाही? डिस्क पातळ झाली की तिच्यात उष्णता साठवायला लोखंड कमी उरते. ती लवकर तापते आणि तिला तडे जाण्याचा संभव वाढतो. अति तापले की पॅडची पकडही सुटू लागते. शिवाय पातळ डिस्कवर झिजलेला पॅड असला तर कॅलिपरचा पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो आणि तेल गळण्याची भीती राहते.

माप घेतानाही खबरदारी हवी. पॅडचा स्पर्श डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला होत नाही, त्यामुळे तेथे न झिजलेला उंच काठ उरतो. साधा व्हर्निअर लावला तर तो या काठावर बसतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मायक्रोमीटर असला तर उत्तम. नसेल तर झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक नाणे ठेवून माप घ्यावे आणि दोन नाण्यांची जाडी वजा करावी. चार-पाच ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आकडा धरावा.

व्यापाऱ्याचा हिशेब

आता निर्णय कसा करायचा? डिस्क आज चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. नव्या पॅडचा जोड संपेपर्यंत ती टिकेल काय, हा खरा प्रश्न आहे. समजा, नवी डिस्क २० मिलिमीटरची आणि किमान जाडी १८ आहे. पॅडचा पहिला जोड संपला तेव्हा माप आले १९.२, म्हणजे एका जोडामागे ०.८ झीज. दुसरा जोड संपेल तेव्हा १८.४ उरेल. म्हणून या वेळी फक्त पॅड बदलावेत. मात्र त्याच्या पुढच्या वेळी १८.४ वर नवे पॅड घातले, तर ते संपण्याआधीच डिस्क १८ च्या खाली जाईल. तेव्हा १८.४ ही कायदेशीर जाडी असली तरी पॅडसोबत डिस्क बदलणेच फायद्याचे, कारण चाक आणि कॅलिपर उघडलेलेच असतात आणि दुसऱ्यांदा मजुरी पडत नाही. विरलेल्या कापडाला नवे ठिगळ लावले तर ते शिवणीपाशीच फाटते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको.

जाडी भरपूर असूनही डिस्क बदलावी लागते ती अशा वेळी: तडा कडेपर्यंत गेलेला असेल, पॅड पूर्ण संपून पत्रा डिस्कवर घासल्यामुळे खोल चर पडले असतील, किंवा गंजाने पृष्ठभागावर खड्डे पडले असतील. उलट, बारीक रेघा किंवा पावसात उभ्या गाडीवर आलेला वरवरचा गंज एवढ्यावरून डिस्क बाद ठरत नाही. असा गंज थोडे ब्रेक मारताच निघून जातो.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर "डिस्क वाकली" असे म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसून तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते. कधी हबवरच्या गंजामुळे ती तिरपी बसलेली असते. लेथवर टर्निंग करून हे ठीक होऊ शकते, पण पुन्हा माप आडवे येतेच. १८.६ च्या डिस्कवरून दोन्ही बाजूंनी ०.३ काढले की उरले बरोबर १८. अशा टर्निंगला दिलेला पैसा पाण्यात गेला असे समजावे.

बसवताना

डिस्क व पॅड नेहमी डाव्या-उजव्या चाकांचे जोडीने बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड घालू नयेत. हबचा गंज साफ करावा, नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे आणि कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात काय ते पाहावे. पिन अडकली तर एकच पॅड झपाट्याने झिजतो आणि दोष विनाकारण पॅडच्या माथी येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हळुवार वापरावा. नवे ब्रेक टाकून लगेच मालासकट घाट गाठू नये.

शेवटी दोन शब्द गॅरेजवाल्या कारागीर बंधूंसाठी. गिऱ्हाईक डिस्कच्या किमतीला कुरकुरते, कारण त्याला गरज दिसत नाही, फक्त बिल दिसते. मायक्रोमीटर काही फार मोठे भांडवल मागत नाही. गिऱ्हाइकासमोर माप घ्या, कोरलेला आकडा दाखवा, दोन्ही आकडे बिलावर लिहा आणि जुनी डिस्क त्याच्या हातात द्या. बदलायची गरज नसेल तर तेही त्याच मापाने सांगा. आज एका डिस्कचा नफा सुटेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार गाड्या घेऊन येईल. आणि व्यापारी बंधूंनीही मिस्त्रीला "किती पैसे?" असे विचारण्याआधी "किती मिलिमीटर?" असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.