कामावरून निवृत्त झालेले धरण

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य भागात टोकोआ नावाचा एक ओढा १८६ फुटांच्या कड्यावरून खाली कोसळतो. धबधबा प्रेक्षणीय आहे. त्याच्या पायथ्याशी १९११ सालापासून एक ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्था वसलेली आहे. संस्थेच्या आवारात विद्यार्थ्यांची वसतिगृहे, अध्यापकांची घरे आणि संसारी विद्यार्थ्यांसाठी चाकांवरच्या घरांची एक लहानशी वस्ती होती. कड्याच्या वरच्या अंगाला, नजरेआड, सुमारे ४० एकरांचा एक तलाव पसरलेला होता आणि त्याला अडवून धरणारा मातीचा बांध ‘केली बार्न्स धरण’ या नावाने ओळखला जात असे. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास हा बांध फुटला. झोपेत असलेल्या वस्तीवर पाण्याचा लोंढा आला आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती.

हे धरण किती मोठे होते? खडकाच्या पायापासून उंची ३८ फूट, लांबी सुमारे ४०० फूट, माथ्याची रुंदी २० फूट. धरणांच्या जगात याची गणना क्षुल्लकातच व्हायची. मराठवाड्यातील एखाद्या मध्यम पाझर तलावाशेजारी ते ठेवले तर फारसा फरक जाणवणार नाही. मोठ्या धरणांची भीती सर्वांनाच वाटते, कारण ती दिसते. लहान बांधाची भीती कोणाला वाटत नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

या बांधाचा जन्म करमणुकीसाठी झालेला नव्हता. १८९९ च्या सुमारास तेथे लाकडी चौकटीत दगड भरून एक छोटे धरण बांधण्यात आले. उद्देश वीजनिर्मितीचा होता. पुढे १९३० नंतरच्या दशकाअखेरीस संस्थेने त्याच दगडी धरणावर मातीचा भराव घालण्यास सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी उंचावला. १९५७ साली तेथील वीजनिर्मिती बंद पडली. त्यानंतरची वीस वर्षे हा तलाव केवळ विहाराचे स्थान म्हणून राहिला. धरण कामावरून निवृत्त झाले. पाणी मात्र निवृत्त झाले नाही. ते भरावावर रात्रंदिवस तितकाच दाब देत राहिले.

येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. वीजगृह चालू असते तेव्हा तेथे रोज कोणीतरी माणूस जातो. झडपा फिरवतो, नळाची गळती पाहतो, पाण्याची पातळी नोंदवतो. कालव्याच्या धरणावर पाटकरी असतो, शेतकरी असतात, आणि पाणी कमी आले तर आरडाओरडा करणारे तर असतातच. उपयोग हा एका अर्थाने पहारेकरी असतो. उपयोग संपला की पहारा उठतो आणि मागे उरतात ते सुटीच्या दिवशी येणारे लोक. त्यांची दृष्टी तलावाच्या निळ्या बाजूकडे असते. बांधाची दुसरी, झाडाझुडपांत झाकलेली उतरती बाजू पाहायला कोण कशाला जाईल? आणि मातीच्या धरणाचे दुखणे नेमके त्याच बाजूला प्रकट होते.

मातीचा बांध हा काही काँक्रीटच्या भिंतीसारखा अभेद्य नसतो. त्यातून थोडे पाणी झिरपायचेच. कुशल अभियंता त्या झिरपणाऱ्या पाण्याला वाट काढून देतो, गाळण थर घालतो, पायथ्याशी दगडांचा निचरा ठेवतो. हे केले नाही तर पाणी आपली वाट आपण शोधते. जुन्या नळाच्या कडेने, कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून, जुन्या आणि नव्या भरावाच्या सांध्यातून ते मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागते. आत सूक्ष्म नळी तयार होते आणि ती मागे मागे पाण्याच्या दिशेने वाढत जाते. शिवाय भिजलेली माती कोरड्या मातीइतका भार पेलू शकत नाही. म्हणून मातीच्या बांधाचा उतार साधारणपणे एका फुटाच्या उंचीला दोन-अडीच फुटांचा ठेवतात. केली बार्न्स धरणाचा खालच्या बाजूचा उतार काही ठिकाणी एकास एक इतका तीव्र होता. त्या उतारावर झाडे वाढलेली होती आणि वीजनिर्मितीच्या काळातील नळ भरावाच्या पोटात तसेच पडून होते.

दुर्घटनेनंतर केंद्र सरकारच्या तज्ज्ञांच्या मंडळाने चौकशी केली. बांधाच्या रचनेचे आराखडे त्यांना उपलब्ध झाले नाहीत. फुटण्याचे एकच एक कारण मंडळाला ठरवता आले नाही. उतारावरील भिजलेल्या मातीची घसरण आणि आतील झिरपणे यांचा तो संयुक्त परिणाम असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. परंतु चौकशीत एक छायाचित्र पुढे आले, ते या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान म्हणावे लागेल. १९७३ सालच्या त्या छायाचित्रात बांधाच्या खालच्या उतारावरील मातीचा एक मोठा तुकडा घसरून खाली आलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे बांधाने चार वर्षे आधीच आपले दुखणे बोलून दाखवले होते. त्या चित्राचा अर्थ लावू शकेल असा माणूस तेवढा तेथे कोणी नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे सात इंच पाऊस झाला. दुर्घटनेच्या रात्री संस्थेतील काही स्वयंसेवक बांध पाहून आले होते आणि त्यांना धोक्याचे चिन्ह आढळले नव्हते. यात त्यांचा दोष नाही. कंदिलाच्या वा विजेरीच्या उजेडात, पावसात, बांधाच्या माथ्यावर उभे राहून जे दिसते ते पाणीच असते.

अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा कायदा तेव्हा नव्हता असे नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे गेली, तेव्हा त्याच वर्षी तसा कायदा करण्यात आला. धरणांची यादी तयार झाली. तपासणीला मात्र पैसा मिळाला नाही. टोकोआची घटना तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वतःच्या राज्यात घडली आणि मग चक्रे फिरली. खालच्या वस्तीला धोका संभवतो अशा सुमारे ९,००० बिगरकेंद्रीय धरणांची तपासणी पुढील चार वर्षांत करण्यात आली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश धरणे असुरक्षित ठरली. जॉर्जियाने १९७८ साली आपला स्वतंत्र धरण सुरक्षा कायदा केला.

विहारासाठी राखलेल्या जुन्या तलावाने घात करावा, असे अमेरिकेत पूर्वीही घडले होते. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले गेले. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, आणि १८७९ साली हे पडीक धरण मासेमारी व शिकारीचा षोक करणाऱ्या धनिकांच्या एका क्लबकडे आले. पाणी सोडण्याचे लोखंडी नळ त्यापूर्वीच काढून विकले गेले होते. क्लबच्या काळात घोडागाड्यांना रस्ता मिळावा म्हणून माथा थोडा खाली घेण्यात आला, तर मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसवण्यात आली. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि जॉन्सटाउन शहर व परिसरातील २,२०९ माणसे मेली. माशांची काळजी घेणाऱ्या त्या जाळीवर भाष्य करण्याची गरज नाही.

महाराष्ट्राला हे सारे दूरचे वाटू नये. १२ जुलै १९६१ च्या पानशेतची आठवण पुण्यात अजून पुसलेली नाही. पण ते धरण मोठे होते आणि बांधकाम पुरे व्हायचे होते. त्याहून जवळचे उदाहरण २ जुलै २०१९ च्या रात्रीचे आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसांचा बळी गेला. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. धरण खेकड्यांनी पोखरले, असे त्या वेळच्या जलसंधारणमंत्र्यांनी सांगितले आणि त्यावर बरीच थट्टा झाली. वस्तुतः बिळे करणारे प्राणी मातीच्या बांधाला अपाय करू शकतात, हे शास्त्र मान्य करते. परंतु बीळ एका रात्रीत धरण फोडण्याइतके वाढत नाही. ते वाढत असताना कोणी पाहिले होते का, हा थट्टेच्या गदारोळात बाजूला पडलेला प्रश्न होता.

भारतात धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे त्याने बंधनकारक केले. पाऊल स्वागतार्ह होते. तथापि हा कायदा सर्व धरणांना लागू नाही. पंधरा मीटरहून उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे काही अटींपैकी एखादी पूर्ण होत असेल तरच येतात: माथ्याची लांबी निदान ५०० मीटर, साठा निदान दहा लाख घनमीटर, पुराचा विसर्ग सेकंदाला निदान २,००० घनमीटर, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना असामान्य.

टोकोआच्या बांधाला ही पट्टी लावून पाहावी. उंची सुमारे साडेअकरा मीटर. लांबी सुमारे १२२ मीटर. फुटतेवेळी साठा आठ लाख घनमीटरांच्या आत. बांध फुटल्यावर उसळलेला लोंढाही अंदाजे सेकंदाला ७०० घनमीटरांच्या आतलाच. आकड्यांच्या एकाही कसोटीवर हे धरण तपासणीस पात्र ठरले नसते. उरली ती शेवटची पळवाट. पण रचना असामान्य आहे हे ठरवण्यासाठीही आधी कोणीतरी अभियंता तेथे जावा लागतो.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात गावोगावी पाझर तलाव बांधले गेले. त्यांतील अनेकांनी आता पन्नाशी गाठली आहे. शंभर हेक्टरांपर्यंतची कामे जिल्हा परिषदांकडे सोपवण्याची पद्धत आहे. या जुन्या भरावांवर बाभळी वाढलेल्या दिसतात आणि काही तलावांच्या काठी आता सहलीही येऊ लागल्या आहेत. मृगाच्या सरी येण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा भरावाच्या खालच्या बाजूने पायी चालत जायचे, ओलावा कोठे आहे आणि झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ हे वहीत लिहायचे, सांडव्यातील झुडपे काढायची: या कामाला यंत्र लागत नाही. एक जबाबदार माणूस आणि त्याच्या वहीवर सही करणारा दुसरा, एवढी दोन माणसे लागतात.