हसू नका, लगेच टाळ्याही वाजवू नका

गेल्या महिन्यात क्वायरमधल्या एका मैत्रिणीने मला व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग पाठवलं. पुच्चिनीच्या 'जान्नी स्किक्की' या १९१८ सालच्या ऑपेरातलं 'ओ मिओ बाब्बीनो कारो' तिने घरीच म्हटलं होतं. खाली एकच ओळ : "खरं सांग, कसं झालंय?" मी तीन बदाम पाठवले आणि विषय संपवला. रात्री मात्र चुटपुट लागली. तिने खरं विचारलं होतं आणि मला ते सांगता आलं नाही, कारण नेमकं काय ऐकायचं हेच मला ठाऊक नव्हतं. मग जे वाचलं आणि ऐकलं, ते इथे मांडते आहे.

हौशी गायकाचं नुकसान दोन प्रकारे होतं : हसण्याने आणि खोट्या कौतुकाने. फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या न्यूयॉर्कच्या श्रीमंत बाईंच्या वाट्याला दोन्ही आलं. वर्षानुवर्षं त्या ओळखीच्या, निमंत्रित मंडळींपुढे गात राहिल्या आणि टाळ्या मिळत राहिल्या. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी, त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये सर्वांसाठी खुला कार्यक्रम केला. सगळी तिकिटं खपली. पण या वेळी समीक्षकही आले होते, आणि त्यांनी कठोर लिहिलं. साधारण महिन्याभराने बाई वारल्या. २०१६ साली मेरिल स्ट्रीपने त्यांची भूमिका केली, तो सिनेमा काहींनी पाहिला असेल.

त्यांच्या रेकॉर्ड आजही ऐकायला मिळतात. मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधलं रात्रीच्या राणीचं गाणं ऐका. हार्मोनियमवरची मधली पांढरी एक 'सा' धरली, तर या गाण्यात अतितार सप्तकातल्या शुद्ध मध्यमापर्यंत जावं लागतं. बाई तिथवर पोहोचत नाहीत. स्वर खाली राहतात, भरभर घ्यायच्या जागा एकमेकींत मिसळतात, लयही डळमळते. "वाईट गातात" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यात या तीन वेगवेगळ्या चुका आहेत. असं सुटं करून ऐकणं हीच परीक्षेची सुरुवात.

मग काय काय ऐकायचं?

पहिला अर्थातच स्वर. तो नेमका लागतो का, आणि लागल्यावर टिकतो का? ऑपेराच्या आवाजात एक नैसर्गिक कंप असतो, साधारण सेकंदाला पाच ते सात वेळा. तो फार संथ आणि रुंद झाला की आवाज हेलकावतो आणि मूळ स्वर कोणता तेच कळेनासं होतं.

दुसरा श्वास. ओळ सलग वाहते की मध्येच तुटते? शब्दाच्या पोटात श्वास घेतला, तर उरलेलं कितीही गोड असलं तरी अर्थ मोडतो.

तिसरा सांधा. खालचा भारदस्त आवाज आणि वरचा हलका आवाज यांच्यामधून जाताना खटका बसतो का? कसलेल्या गळ्यात हा जोड सहसा ऐकू येत नाही. हौशी गळ्यात तो बहुतेक वेळा पकडता येतो.

चौथी गोष्ट खास ऑपेराची : पोहोच. पूर्वी आपल्या संगीत नाटकातले नट ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवत. ऑपेरात आजही मुख्यतः तसंच गातात, तेही पूर्ण वाद्यवृंदासमोर. हे नुसत्या जोराने होत नाही. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी दाखवलं की वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पुढे कमी होत जातो. तयार गायक, विशेषतः पुरुष, आपल्या आवाजाची ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास गोळा करतात. जिथे वाद्यं कमी पडतात, तिथून आवाज वाट काढतो. उंच पट्टीतल्या गायिका तोंड अधिक उघडून, मुखपोकळीचा आकार स्वराप्रमाणे बदलून हे साधतात.

पाचवा दम. पॉल पॉट्सचं उदाहरण घ्या. मोबाइल फोन विकणारा हा माणूस २००७ साली ब्रिटनच्या टीव्ही स्पर्धेत 'नेस्सुन दोर्मा' गाऊन जिंकला. लोक रडले, आणि ते रडणं खरंच होतं. पण तिथे गाणं कापून छोटं केलेलं होतं आणि मायक्रोफोन होता. पुच्चिनीच्या 'तुरान्दोत'मध्ये हेच गाणं तिसऱ्या अंकात येतं, म्हणजे नायक दोन अंक गाऊन आलेला असतो आणि पुढेही त्याला गायचं असतं. गंमत म्हणजे ज्या शेवटच्या उंच स्वरावर टाळ्या पडतात, तो पुच्चिनीने अगदी क्षणभराचाच लिहिला आहे. लांबवायची प्रथा गायकांची. त्या एका स्वरावरून आवाज ठरवणं म्हणजे एका षटकारावरून फलंदाज ठरवणं.

यातून एक इशाराही मिळतो. पोहोच आणि दम या दोन गोष्टी फोनवरच्या अडीच मिनिटांत कळत नाहीत. शिवाय फोन मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. त्यामुळे रेकॉर्डिंगवर बोलायचं तर स्वर, श्वास आणि सांधा यांच्यापुरतंच बोलावं. बाकीचं ऐकायला सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन बसावं.

इंग्रजीतल्या 'ॲमॅच्युअर' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'प्रेम करणं' आहे. आपल्या 'हौशी'तही हौस आहेच. हौशी गायकाला व्यावसायिक फूटपट्टी लावून झोडपायचं नाही, पण फूटपट्टी लपवायचीही नाही. आज तो कुठे आहे आणि पुढची पायरी कोणती, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ.

काल मी ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि मैत्रिणीला लिहिलं : "सुरुवात सुरेल आहे, मधला सांधाही छान जुळलाय. पण दुसऱ्या ओळीत शब्दाच्या मध्येच श्वास घेतलास, म्हणून तारातला कोमल धैवत ढकलून लावावा लागला. मागच्या रांगेतून कसं वाटतं ते हॉलमध्ये ऐकल्यावरच सांगेन."

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. मला वाटलं, दुखावली. मग उत्तर आलं : "मग श्वास कुठे घेऊ?"