प्रेअरीवरचा मुलगा आणि मरणाची ओळख

डब्ल्यू. ओ. मिचेल यांचा जन्म १९१४ साली कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या वेबर्न गावी झाला. ते सात वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. पुढे १९४७ साली त्यांची ‘हू हॅज सीन द विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रेअरी म्हणजे क्षितिजापर्यंत गवतच गवत असलेले माळरान. त्या माळरानाच्या काठावरील एका छोट्या गावात ब्रायन ओकॉनल हा मुलगा वाढतो.

ही कादंबरी बालपणाच्या रम्य आठवणींची आहे, असे समजून मी ती हातात घेतली होती. वाचताना जाणवले की तिचा खरा विषय मरण आहे. आधी कबुतराचे पिल्लू मरते. मग दोन डोक्यांचे वासरू दिसते आणि निसर्गही चुकतो, हे ब्रायनला कळते. नंतर वडील जातात.

वडील गेल्यावर ब्रायनला रडूच येत नाही. तो एकटाच माळावर जातो. आता आईला आपली गरज आहे, हे ध्यानात येते तेव्हा कुठे त्याचे डोळे भरून येतात.

मला हा प्रसंग कादंबरीचा गाभा वाटतो. मरण म्हणजे काय, याचे उत्तर ब्रायनला मिळत नाही. पण मागे राहिलेल्या माणसाचे दुःख त्याला दिसू लागते. मोठे होणे म्हणजे बहुधा एवढेच असावे. वारा दिसत नाही, पण गवत कोणत्या बाजूला वाकले आहे ते दिसते.