आधी मोजा, मग आखा

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीचे पालक हमखास विचारतात, “आर्किटेक्चर बरे की प्लॅनिंग?” माझ्याकडे दोहोंपैकी एकही पदवी नाही. जुने नकाशे, गॅझेटियर आणि पायपीट एवढ्या भांडवलावर मी शहरांचा अभ्यास करत आलो आहे. त्यामुळे प्रवेशाच्या गुणांबद्दल मी बोलत नाही. ही दोन शिक्षणे आपल्याकडे कशी रुजली, ते मात्र सांगतो, कारण पालकांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

आधी फरक पाहू. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. नियोजनाची पदवी चार वर्षांची. पुष्कळ जण आधी वास्तुकला किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकतात आणि मग दोन वर्षांचे पदव्युत्तर नियोजन करतात. नियोजकाच्या उपाधीला तसे कायद्याचे संरक्षण नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचे बहुतेक दिवस स्टुडिओत जातात. तिथे एका इमारतीचा उजेड, वारा, जिना, खर्च आणि बांधकाम यांचा मेळ घालायचा असतो. नियोजनाच्या विद्यार्थ्यापुढे जमीन, पाणी, वाहतूक, लोकसंख्या, कायदा आणि पालिकेची तिजोरी अशा गोष्टी असतात.

मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वाढले. ही संस्था १८५७ची. तिथले वास्तुकलेचे वर्ग सुरुवातीला मुख्यतः कार्यालयांना लागणारे आरेखक तयार करत. साहेबाने कल्पना मांडायची आणि आपल्या मुलांनी ती स्वच्छ रेघांत उतरवायची, अशी वाटणी होती. १९२३ पासून वीस वर्षे क्लॉड बॅटली या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात विद्यार्थी जुनी देवळे, वाडे, मशिदी प्रत्यक्ष मोजून त्यांचे आराखडे काढू लागले. खांबाला टेप लावायचा, तुळईचा छेद काढायचा, ओसरीची उंची टिपायची. वास्तुकला महाविद्यालयांत ‘मेझर्ड ड्रॉइंग’ आजही शिकवतात. हाताने मोजलेली ओसरी इतकी उंच किंवा इतकी ठेंगणी का, हा प्रश्न आपोआप पडतो, आणि शिक्षण तिथून सुरू होते.

नियोजनाचा विचार मुंबई विद्यापीठात अगदी वेगळ्या दाराने आला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १९१९ मध्ये ते इथे समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले आणि १९२४ पर्यंत राहिले. त्याआधी काही वर्षे ते हिंदुस्थानातली शहरे पायी हिंडून अहवाल लिहीत होते. आधी पाहणी, मग आराखडा, ही त्यांची शिकवण. रस्ता रुंद करायचा म्हणून सरसकट घरे पाडण्याला त्यांचा विरोध होता. मोडकळीला आलेली चार घरे काढा, तिथे छोटा चौक करा, झाड लावा आणि बाकीची वस्ती जागच्या जागी राहू द्या, असे ते सांगत.

होळकरांच्या इंदुरातली त्यांची दिवाळी त्यांच्या चरित्रांत आवर्जून येते. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिसनी उत्सवाची सूत्रे हाती घेतली आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरूनच जाईल. लोकांनी घरे झाडली, भिंती रंगवल्या, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती आणि सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८चा. नियोजनात लोकांना कसे सामील करून घ्यावे, याचा इतका चांगला धडा मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

पुढे गेडिस गेले आणि विभागाची धुरा त्यांचे विद्यार्थी, मूळचे मालवणचे गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. जात, कुटुंब, आदिवासी समाज या विषयांवर तिथे मोठे काम झाले; नगररचना मात्र मागे पडली. नियोजनाच्या शिक्षणाला पुढे स्वतंत्र संस्था मिळाल्या. दिल्लीत त्याची शाळा १९५५ मध्ये निघाली आणि १९५९ मध्ये तिथल्या वास्तुकला विभागाशी जोडली गेली. अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने १९६२ मध्ये वास्तुकलेची शाळा सुरू झाली, तर नियोजनाची १९७२ मध्ये.

दोन्ही शिक्षणांच्या मुळाशी एकच शिस्त आहे: जे आहे ते आधी नीट मोजा. महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना कायद्याचे कलम २५ हेच सांगते. विकास आराखड्याआधी पाहणी करून सध्याच्या जमीन-वापराचा नकाशा तयार करणे त्यानुसार बंधनकारक आहे. ही शिस्त सुटली की काय होते, ते मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. लोकांनी हजारो हरकती घेतल्या. एप्रिलमध्ये सरकारने चुका दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. नकाशावरची एक चुकीची रेघ म्हणजे कुणाच्या तरी घरावरचे आरक्षण असते. ती पुसून घेण्यासाठी त्या माणसाला कामधंदा सोडून पालिकेत खेटे घालावे लागतात.

म्हणून पालकांना मी महाविद्यालय पाहायला जाताना तीन प्रश्न न्यायला सांगतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी कोणती वास्तू किंवा गल्ली स्वतः मोजतात? तिथे राहणाऱ्यांशी बोलणे अभ्यासक्रमाचा भाग आहे का? आणि ज्युरीला बसलेले शिक्षक चकचकीत चित्राआधी पाहणीची वही मागतात का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर पदवीवर आर्किटेक्चर लिहिलेले असो वा प्लॅनिंग, मुलाला खुशाल पाठवा.