कोकणचे सडे आणि भूविविधतेचे जतन
भूविविधता म्हणजे एखाद्या प्रदेशातील खडक, माती, भूरूपे आणि त्यांना घडविणाऱ्या प्रक्रिया यांची विविधता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी, सपाट कातळपठारे, हे तिचे अत्यंत मोलाचे उदाहरण होय. उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडकातील विद्राव्य घटक दीर्घकाळ वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहून हा सच्छिद्र खडक बनला. त्याच्या खळग्यांत पावसाळ्यात उथळ डबकी साचतात, दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात आणि भेगांतून मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. शिवाय याच कातळांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समाविष्ट झाली. तरीही सड्याला पडीक समजून आंबा-काजूच्या लागवडीसाठी सुरुंगाने खड्डे पाडले जातात किंवा चिऱ्यांसाठी संपूर्ण थर कापून नेला जातो, आणि एकदा फुटलेला कातळ कोणत्याही वृक्षारोपणाने परत घडत नाही. बागायत थांबविण्याची गरज नाही; मात्र लागवडीपूर्वी बागायतदारांनी व ग्रामपंचायतींनी सड्यावरील डबकी, भेगा आणि कातळशिल्पे नकाशावर नोंदवून तेवढा भाग अबाधित ठेवावा.