बळीराजा : लेण्यांतला, छापील चित्रांतला आणि अंगणातला

बळी आणि वामन यांची कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. विरोचनाचा पुत्र आणि प्रल्हादाचा नातू बळी तिन्ही लोकांचा राजा झाला. नर्मदातीरी त्याचा यज्ञ चालू असता विष्णू बटूचे रूप घेऊन आला व त्याने तीन पावले जमीन मागितली. गुरू शुक्राचार्यांनी सावध केले असताही राजाने दिलेला शब्द मागे घेतला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपले, तिसऱ्या पावलासाठी राजाने आपले मस्तक पुढे केले आणि तो पाताळात गेला. एवढे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते : गुडघे टेकून, हात जोडून बसलेला मुकुटधारी राजा आणि त्याच्या डोक्यावर बटूचा पाय. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की बळीचे दुसरे काही चित्र असू शकेल हे आपल्याला सुचतच नाही. पण जुन्या शिल्पकारांनी बळी निराळाच कोरला आहे, आणि ज्यांच्या हाती छिन्नी नव्हती त्या बायकांनी तो तिसऱ्याच रीतीने काढला आहे. या तीन चित्रांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. विष्णूची तीन पावले ऋग्वेदात आहेत, परंतु तेथे बळी नाही. कोणाचे राज्य घेण्याची भाषा तेथे नाही. सारे विश्व आक्रमून जाणारा देव एवढाच विषय आहे. हरलेला राजा कथेत पुढे आला. कथा वाढली तसे तिला शिल्पात रूप मिळाले, व त्यातील फार जुन्यांपैकी एक आपल्या विदर्भातच आहे. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळची, म्हणजे सुमारे पाचव्या शतकातली, त्रिविक्रमाची मूर्ती आहे. ती भग्न आहे. गडावर रामाच्या दर्शनाला जाणारे शेकडो लोक तिच्यापर्यंत वळत नाहीत.

पूर्ण दृश्य पाहावयाचे तर बदामीला जावे. तेथील तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्मा याच्या कारकिर्दीत त्याचा भाऊ मंगलेश याने हे विष्णुगृह खोदविले. बदामीच्या दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन्ही लेण्यांत त्रिविक्रम आहे. दुसऱ्या लेण्यात एकाच शिलापटावर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही प्रसंग कोरले आहेत. खालच्या बाजूस छत्री घेतलेला ठेंगणा वामन उभा आहे. त्याच्या समोर बळी, सोबत त्याची राणी आणि गुरू. राजा उदक सोडतो आहे. आणि तेथूनच वर, सगळा पट व्यापून, आठ हातांचा प्रचंड विष्णू पाय उचलून उभा. तो पाय कोठे आहे हे नीट पाहावे. तो बळीच्या डोक्यावर नाही. तो वर, आकाशाकडे गेला आहे. तिसऱ्या लेण्यात तर विष्णूच्या जमिनीवर रोवलेल्या पायाला मिठी मारून एक आकृती लोंबते आहे. अभ्यासक तिला नमुची म्हणतात. म्हणजे मुकाट्याने सारे सोडून न देणारा एक तरी गडी शिल्पकाराने तेथे ठेवला आहे. वेरूळच्या दशावतार लेण्यातही, आणि समुद्रकाठी महाबलिपुरमच्या वराह मंडपातही, पाय असाच वर उचललेला आहे. मूर्तिशास्त्राच्या दाक्षिणात्य ग्रंथांनी त्रिविक्रमाचे प्रकार सांगताना उचललेला पाय गुडघ्याच्या, बेंबीच्या की कपाळाच्या उंचीपर्यंत न्यावा याची चर्चा केली आहे.

असे का असावे? लेणी खोदविणारे राजे होते. चालुक्य स्वतःला श्रीपृथ्वीवल्लभ म्हणवीत. पृथ्वी पावलाखाली घालणारा देव त्यांना आपलासा वाटणे स्वाभाविकच. पण हेच राजे ताम्रपट देऊन गावे दान करीत, आणि ते दान उदकपूर्वक, म्हणजे हातावर पाणी सोडून, होत असे. अगदी बळीने केले तसेच. तेव्हा पाणी सोडणाऱ्या बळीला हीनदीन दाखविणे त्यांना परवडणारे नव्हते. देणाऱ्याची मान खाली घातली तर उद्या त्यांच्याच दानपत्राची शोभा जाईल. माझा हा तर्क आहे; परंतु जो पैसे देतो त्याच्या सोयीने चित्र निघते हा अनुभव पगारपत्रकापासून पुतळ्यापर्यंत सगळीकडे येतो.

याच प्रसंगाने मराठीला एक अमोल शब्दप्रयोग दिला. राजाने उदक सोडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि दर्भाची काडी डोळ्यात घुसून त्यांचा एक डोळा गेला. मंजूर झालेली रक्कम वाटेत अडविणाऱ्याला आपण झारीतला शुक्राचार्य म्हणतो. कामगारांच्या थकबाकीच्या फायली घेऊन ज्यांनी जिने झिजविले आहेत त्यांना हा शुक्राचार्य चांगला परिचयाचा आहे. त्याचा डोळा मात्र हल्ली कोणी फोडीत नाही!

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिर या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विटांचे, मागे अर्धगोल असलेले हे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होते. पुढे ते विष्णूचे झाले. वास्तू एकाची आणि मालकी दुसऱ्याची, हा प्रकार कथेतही आहे आणि विटांतही आहे.

आता दुसरे चित्र. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला व पुढे मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रे चार-दोन आण्यांत घरोघर पोचली. दशावताराच्या एका तसबिरीत दहा चौकटी बसवायच्या तर प्रत्येक अवताराला हाताएवढी जागा. त्या जागेत आकाशाला पोचणारा पाय मावत नाही. बटू, राजा आणि डोक्यावरचे पाऊल तेवढे मावते. देण्याचा प्रसंग गळाला, शिक्षेचा राहिला. भागवताच्या आठव्या स्कंधात बळीला सुतल नावाचा, स्वर्गालाही हेवा वाटावा असा लोक मिळतो, विष्णू त्याच्या दारी राखण करतो, आणि पुढील मन्वंतरात इंद्रपद बळीचेच असे वचन देतो. यातले काहीएक त्या चौकटीत नाही. चित्रकारांनी बळीचा द्वेष केला असे मला म्हणावयाचे नाही. परंतु तीन पिढ्यांनी भिंतीवर पाहिले ते हे, आणि जे रोज पाहावे तेच खरे वाटू लागते.

जमिनीखाली धाडलेल्या राजाची चित्रे आपल्याकडेच निघाली असे नाही. ग्रीकांचा सिसिफस हा कॉरिंथचा राजा. त्याने मृत्यूलाही फसविले, म्हणून पाताळात त्याला शिक्षा झाली : मोठा धोंडा डोंगरावर चढवायचा, तो माथ्यावर पोचता पोचता खाली घरंगळायचा, पुन्हा चढवायचा. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील, आज म्युनिकच्या संग्रहालयात असलेल्या एका कुंभावर तो धोंडा ढकलताना दिसतो, आणि पाताळाची राणी समोर उभी राहून पाहते. मुकादमाची नजर कशी असते हे त्या कुंभकाराला ठाऊक असावे. पुढे दोन हजार वर्षांनी, १५४८-४९ मध्ये, व्हेनिसच्या टिशियनने हाच राजा रंगविला; येथे धोंडा खांद्यावर आहे. हे चित्र माद्रिदला प्रादो संग्रहालयात आहे. ते काढविले बादशहा पाचव्या चार्ल्सच्या बहिणीने, हंगेरीच्या मेरीने. भावाने नुकतेच १५४७ मध्ये बंडखोर जर्मन राजांना हरविले होते, आणि देवांविरुद्ध गेलेल्या अपराध्यांची चार चित्रे तिने आपल्या वाड्यासाठी सांगितली. बंड करणाऱ्यांना हा इशारा होता असा अर्थ अभ्यासक लावतात. शिक्षा झालेला राजा दिवाणखान्यात कशासाठी टांगतात हे यावरून कळते. परंतु चित्र तेथेच थांबत नाही. पूर्व जर्मनीतील लाइपझिगचा चित्रकार वोल्फगांग माटहॉयर याने १९७२ साली सिसिफस धोंडा सोडून पळून जाताना दाखविला, आणि १९७४ च्या चित्रात तर तो छिन्नी-हातोडा घेऊन तोच धोंडा घडवू लागतो. राजा तोच आहे, धोंडाही तोच आहे.

आपल्याकडे असे उलटे चित्र काढण्यासाठी कोणा चित्रकाराची वाट पाहावी लागली नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, दिवाळीच्या पाडव्याला, पाच रंगांच्या रांगोळीने बळी आणि त्याची राणी विंध्यावली यांची चित्रे काढून पूजा करण्याची रीत आहे. ही रीत धर्मग्रंथांतही सांगितलेली आहे. या चित्रात वामन नाही, पाय नाही. राजा आहे आणि शेजारी राणी आहे. ओवाळताना बायका म्हणतात : इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो. ज्याचे राज्य देवाने घेतले त्याचे राज्य परत येवो अशी प्रार्थना, त्याच देवाला मानणाऱ्या घरांत, शतकानुशतके चालू आहे. ही विसंगती कोणा बाईला खटकली नाही. लेण्याला राजाची तिजोरी लागते, तसबिरीला छापखाना लागतो. अंगणातल्या चित्राला मूठभर रंग पुरतो, आणि ते पुसले तरी पुढच्या वर्षी पुन्हा निघते. चंद्रपूरला लालपेठेत उघड्यावर पडलेल्या अजस्र मूर्तींपैकी दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावणच म्हणतात, पंडित काही म्हणोत. मूर्ती कोणाची हे ठरविण्याचा लोकांचा अधिकार असा आहे.

बायकांच्या या प्रार्थनेचा अर्थ जोतीराव फुल्यांनी उकलला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून, त्यांनी वामनाला बाहेरून आलेल्या आर्यांचा पुढारी आणि बळीला येथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा ठरविले. बळीच्या राज्याचे नऊ खंड होते, त्यांवरचे अधिकारी ते खंडोबा, महासुभा तो म्हसोबा, अशी त्यांनी मांडणी केली. गावच्या शिवेवरचे शेंदूर फासलेले दगड एकाएकी एका बुडालेल्या राज्याचे कारभारी झाले. हा इतिहास आहे काय? उत्खननात बळीचे नाणे किंवा लेख निघालेला नाही. ‘महासुभा’ शब्दाची व्युत्पत्ती भाषाशास्त्र मान्य करील असेही नाही. मी फुल्यांचा अनुयायी असूनही हे सांगितले पाहिजे. पण ‘गुलामगिरी’चे बळ नाण्यांत नाही. पुराणकथा विजेत्याने लिहिली असेल तर हरलेल्याची साक्ष कोठे शोधावी, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर पोथीत न शोधता ओवाळणीच्या ताटाजवळ शोधले.

त्याचा एक परिणाम तर आपण दर आठवड्याला भोगतो. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. साप्ताहिक सुट्टी मागताना त्यांनी सांगितले की रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे. गिरणीमालकांनी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार साहेबाच्या चर्चमुळे मिळाला असे समजणारे आजही पुष्कळ भेटतात. आमच्या खाणींत पाळी सुटत नाही, सुट्टीचा वार आळीपाळीने येतो, तो भाग वेगळा. पण आठवड्यातून एक दिवस आपला, ही मागणी बळीच्या कारभाऱ्याच्या नावाने झाली होती.

आज ‘बळीराजा’ हा शब्द शेतकऱ्यासाठी सर्रास वापरतात. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या धरणाचे नाव बळीराजा आहे. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात २०१५ साली शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी जी मोहीम काढली तिचे नावही बळीराजा चेतना अभियान. एकीकडे नदी अडविणारा बळी आणि दुसरीकडे जगावे म्हणून समजूत घालावी लागणारा बळी. मराठीत ‘बळी जाणे’ हाही अर्थ त्याच शब्दाला चिकटलेला आहे, आणि वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दोन्ही अर्थ भेटतात. माजरीच्या परिसरात कोळशासाठी ज्यांची शेती गेली त्यांची मुले खाणीत लागली. बापाला बळीराजा म्हणत, मुलगा टोपीला दिवा लावून जमिनीखाली जातो. त्यांच्या सातबाऱ्यावर उदक कोणी सोडले, आणि झारीत कोण बसले होते, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

शेवटी केरळचे सांगतो, कारण कोळशाच्या वस्त्यांत मल्याळी कुटुंबे आहेत व ओणम त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक असतो. मावेली, म्हणजे महाबळी, वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो अशी तेथे श्रद्धा आहे. दारात फुलांची रांगोळी घालतात, गोडाधोडाचे जेवण होते. मिरवणुकीत आणि चित्रांत हा राजा ढेरपोट्या, मिशाळ, हसतमुख असतो, अंगावर सोन्याचे दागिने असतात, आणि त्याच्या हातात ताडपत्राची छत्री असते. बदामीच्या लेण्यात छत्री वामनाच्या हातात आहे.