वजन नॉर्मल, तरी शुगर वाढलेली: बीएमआय नेमकं काय मोजतो?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीला तिच्या अभ्यासासाठी 'निरोगी' माणसं हवी होती. डायबेटिस असलेल्यांशी तुलना करायला कंट्रोल ग्रुप, दुसरं काय! अटी साध्या होत्या: वय २० ते ३५, बीएमआय १८.५ ते २२.९, कुठलंही औषध चालू नको. माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. ६१ भागिले १.६८ चा वर्ग, उत्तर २१.६. म्हणजे अगदी सुरक्षित पट्ट्यात. घरी तर मला अजून 'काडीपैलवान' म्हणतात. रक्त दिलं, कॅन्टीनला जाऊन पोहे खाल्ले आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "तू खरंच उपाशीपोटी आला होतास ना?" फास्टिंग शुगर ११४ आली होती. ती १०० च्या आत हवी, आणि १२६ पासून डायबेटिस धरतात. पुन्हा तपासली, ११२. तिच्या अभ्यासात पुढच्या टप्प्यावर डेक्सा स्कॅन होताच, तो आधी केला. शरीरातली चरबी २७ टक्के. ६१ किलोंपैकी साडेसोळा किलो नुसती चरबी! माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, त्यामुळे हा आकडा बघून मला हसू आलं नाही. तिला मात्र वेगळीच काळजी लागली. शुगर वाढलेला माणूस कंट्रोलमध्ये चालत नाही, म्हणून मी बाद झालो. पण ज्यांची शुगर जेमतेम हद्दीत होती आणि केवळ बीएमआय बघून 'निरोगी' म्हणून घेतलं होतं, त्यांचं काय?

तुम्ही उद्या माणसांवरचा कुठलाही अभ्यास कराल, तेव्हा हा प्रश्न तुमच्याही समोर येईल. म्हणून आज जरा खोलात जाऊया.

बीएमआयचं सूत्र आरोग्यासाठी जन्मलेलंच नाही. बेल्जियमचा ॲडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात तो 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता, आणि मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्याला दिसलं. बस, एवढंच. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी सात हजारांवर पुरुषांच्या मापांवर वेगवेगळे निर्देशांक पडताळून पाहिले आणि या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या. आणि लोकसमूहाची तुलना करायला हे माप सोयीचं आहे, असा तो युक्तिवाद होता. आज आपण तेच माप समोर बसलेल्या एका माणसाला लावतो.

काट्याला चरबी, स्नायू, हाडं आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्यामुळे बीएमआय खरं तर दोन संख्यांची बेरीज आहे: चरबी भागिले उंचीचा वर्ग, अधिक चरबी सोडून उरलेलं सगळं भागिले उंचीचा वर्ग. बेरीज तीच ठेवून आतले दोन भाग कितीही बदलता येतात. एखाद्या पैलवानाचा बीएमआय २८ येतो आणि तो ठणठणीत असतो, हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. उलटं उदाहरण आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते पुण्यातूनच आलेलं आहे.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जेमतेम पानभराचा एक मजकूर आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी फोटो. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. डेक्सावर मोजलेली चरबी: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्या फोटोमागे कित्येक वर्षांचं काम होतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालू होता. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. मापं ताडून बघितली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांच्या पोटाचा घेर आणि दंडाचा घेर खूप मागे आहेत, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे कमी भरलंय ते स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये. चरबी बऱ्यापैकी टिकून आहे. 'थिन-फॅट बेबी' हा शब्द तिथून आला. 'बारीक आहे म्हणजे बरा आहे' हे समीकरण आपल्याकडे जन्मापासूनच गडबडलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानेही आशियाई लोकांसाठी २५ आणि ३० च्या जोडीला २३ आणि २७.५ या टप्प्यांवरही लक्ष द्यावं असं सुचवलं.

पण चरबी जास्त असली म्हणून बिघडतं काय? चरबीची पेशी ही मुळात धान्याची कोठी आहे. जास्तीचं ठेवायला तिच्याइतकी सुरक्षित जागा नाही. कोठी भरली की पोती ओटीवर येतात, मग माजघरात, मग चुलीपाशी. शरीरात तसंच होतं. कातडीखालची जागा अपुरी पडली की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंमध्ये साठायला लागते, आणि तिथे ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. जेवणानंतर इन्शुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू. ज्याचे स्नायूच कमी, त्याची साखर उचलणारी माणसंही कमी. माझ्या २१.६ च्या आत दडलेलं होतं ते हे.

इथे एक गंमत आहे, आणि ती माझ्या लाडक्या विषयांपैकी एक आहे. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मिळ आजारात माणसाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. त्यांना तर डायबेटिसपासून पूर्ण संरक्षण मिळायला हवं ना? प्रत्यक्षात त्यांना अतिशय तीव्र डायबेटिस होतो आणि यकृत चरबीने भरून जातं. कोठीच नाही म्हटल्यावर पोती घरभर! त्यामुळे चरबीची टक्केवारी वजनापेक्षा पुष्कळ जास्त सांगते, पण ती चरबी कुठे आहे हे सांगत नाही. त्यासाठी साधी टेप बरी: कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेला की आपल्याकडे सावध व्हायचं.

आता मोजण्याकडे येऊ, कारण संशोधन करणारा घसरतो तो इथेच. जिवंत माणसाची चरबी थेट कोणीच मोजत नाही. पाण्याखाली वजन करण्याच्या पद्धतीत शरीराची घनता काढतात आणि सिरीच्या सूत्रात घालतात: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. यात बाकीच्या शरीराची घनता सगळ्यांची १.१ असते असं गृहीत धरलंय. तुमची हाडं जास्त भरीव असली आणि एकूण घनता १.१ च्या पुढे गेली, तर उत्तर शून्याखाली येईल! करून बघा. जिममधलं हातापायांना वीज लावणारं यंत्र मोजतं विजेला होणारा अडथळा. त्यावरून पाण्याचा अंदाज, आणि त्यावरून चरबीचा. मी एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी मोजलं तर पावणेतीन टक्क्यांचा फरक आला. चरबी तेवढीच होती, मधे फक्त एक लिटर ताक आणि दोन तास बॅडमिंटन झालं होतं. डेक्सा यांपेक्षा बराच भरवशाचा, पण तोही दोन ऊर्जांचे क्ष-किरण किती शोषले गेले यावरून हिशोबच करतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ऑनलाइन कॅल्क्युलेटर. उंची, वजन, वय आणि लिंग टाका, चरबीची टक्केवारी घ्या. यांतल्या अनेकांच्या आत ड्युरेनबर्गचं १९९१ चं सूत्र असतं: १.२ गुणिले बीएमआय, अधिक ०.२३ गुणिले वय, वजा ५.४, आणि पुरुष असल्यास आणखी १०.८ वजा. नीट बघा, हा वेष बदललेला बीएमआयच आहे. मी माझे आकडे टाकले, वय २८. उत्तर १६.२ टक्के. डेक्सा म्हणत होता २७. याज्ञिक आणि युडकिन यांना या सूत्रात घातलं तर फरक पडेल तो फक्त वयाचा. मी एका पोस्टरमध्ये असं वाचलंय की 'बीएमआय आणि चरबीची टक्केवारी यांच्यात अतिशय घट्ट संबंध आढळला', आणि पद्धतीच्या रकान्यात टक्केवारी याच सूत्राने काढलेली! संबंध घट्ट नसता तरच नवल. कुठल्याही पेपरमध्ये 'बॉडी फॅट' दिसलं की आधी पद्धतीचं पान उघडा.

अजून एक बारकावा. टक्केवारी हे गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तराला दोन बाजू असतात. ८० किलोच्या माणसात ३० टक्के म्हणजे २४ किलो चरबी. त्याने उपाशी राहून ८ किलो घटवले, त्यात निम्मे स्नायू गेले, तर ७२ किलोंत २० किलो चरबी राहते, जवळपास २८ टक्के. गेलेले आठही किलो चरबीचे असते तर २२ टक्के झाली असती. काटा दोन्ही वेळा ७२ च दाखवतो आणि घरचे दोन्ही वेळा पेढे वाटतात. म्हणून विश्लेषणात नुसती टक्केवारी न देता चरबीचे किलो आणि बाकीचे किलो वेगवेगळे मांडलेले बरे.

हे सगळं वाचून वजनकाटा भंगारात टाकू नका. बीएमआय ३५ असेल तर वाद घालायला फारसं काही उरत नाही. आणि हजारो लोकांची पाहणी करताना प्रत्येकाचा डेक्सा कोण करणार, पैसे कुठून आणणार? गोंधळ होतो तो १९ ते २५ च्या पट्ट्यात, आणि आपल्याकडचे कंट्रोल ग्रुप नेमके तिथूनच भरलेले असतात.

मैत्रिणीने शेवटी गाईडशी बोलून, एथिक्स कमिटीची पुन्हा परवानगी घेऊन अटी बदलल्या: कमरेचा घेर, फास्टिंग शुगर आणि डेक्सा आधी, 'निरोगी'चा शिक्का नंतर. कंट्रोल ग्रुप चांगलाच आकसला आणि तिचे सहा-सात महिने गेले. माझं म्हणाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षभर आठवड्यातून तीनदा वजनं उचलली आणि रात्रीचा भात निम्मा केला. परवा तिनेच हौसेने पुन्हा स्कॅन करवला. चरबी २३ टक्के, म्हणजे दोन किलोंनी कमी; फास्टिंग ९७. वजन मात्र दीड किलोने वाढून ६२.५ झालंय. आई म्हणते, "एवढं करून काही फरक पडलेला दिसत नाही रे."